बावीस मेणबत्त्या

भावनाच्या नाकावर राग असतो, हे तिच्या माहेरी नांदेडला सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकेत आल्यावर तिने तो राग कामाला लावला. रोज सकाळी जर्सी सिटीहून नदीखालच्या गाडीने मॅनहॅटनला जायचं आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकून काढायच्या, ही तिची नोकरी. टेस्टर. चूक सापडली की पुरावा जोडायचा, कोणी कधी काय बदललं ते लिहायचं आणि ज्याचं माप त्याच्या पदरात घालायचं. ऑफिसात लोक तिला टरकून असत. आणि एवढी हुशार बाई, तिला स्वतःच्या घरातली चूक तेवढी दिसली नाही. ते आठवलं की आजही तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गोष्ट दोन हजार सातची. त्या एप्रिलात, मुलांना आठवडाभर सुट्टी होती तेव्हा, दोन कुटुंबांनी मिळून शांघायला जायचं ठरलं होतं. एक भावना आणि रवीचं, दुसरं उल्हासचं. उल्हास मूळचा पुण्याचा, रवीच्या ऑफिसात त्याचा टीम लीड. रवीच्या ग्रीन कार्डाच्या कागदांना त्याचा चांगला शब्द लागायचा, त्यामुळे उल्हास म्हणेल ती पूर्व दिशा. उल्हासला कुठल्याशा हॉटेलचं चार रात्रींचं फॅमिली पॅकेज स्वस्तात मिळालं होतं. मुलांना पोहण्याचा तलाव, पतंग रंगवायचा वर्ग, खजिना शोधायचा खेळ, आणि मोठ्यांना शहर बघायला मिनीबस.

रवीने डिसेंबरात नागपूरला फोन करून आईला हे सांगितलं. रमाबाई फेब्रुवारीत येणार होत्या, म्हणजे त्यांनाही न्यायचंच होतं. रमाबाई महापालिकेच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या. नवरा लवकर गेला, रवीला एकटीने शिकवलं. पोराकडे त्यांनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी फोनवर मागितलं.

"चीनमध्ये बुद्धाचं मोठं विहार असंल ना रे? तेवढं एक दाखव मला. बाकी तुम्ही न्याल तिथं येते मी."

भावनाने त्याच रात्री इंटरनेटवर शोधून काढलं. पांढऱ्या जेड दगडातल्या बुद्धाचं मंदिर, हॉटेलपासून टॅक्सीने वीस मिनिटं. तिने सासूला सांगितलं, आणि सासूने वस्तीतल्या विहारात सगळ्यांना सांगितलं. झालं. तिथल्या बायकांनी एकेक मेणबत्ती आणून दिली. आमच्या नावाने लाव म्हणाल्या. आपल्या देशातून गेलेले बुद्ध तिकडे कसे राहतात ते डोळे भरून पाहून ये म्हणाल्या. बावीस मेणबत्त्या, बोटभर लांबीच्या, पत्र्याच्या चपट्या डब्यात कापूस घालून रमाबाईंनी अमेरिकेपर्यंत आणल्या.

विमानतळावरून घरी आल्यावर त्यांनी आधी हॉलच्या भिंतीकडे पाहिलं.

"खिळा आहे इथं. फोटो कुठाय?"

बाबासाहेबांची फ्रेम बेडरूममध्ये होती. पाहुणे यायचे असले की रवी ती आत नेऊन ठेवी. आधी नेई आणि परत आणी, मग नेई आणि परत आणायचं विसरे, आणि शेवटी ती आतच राहिली. भावनाला हे कळत नव्हतं असं नाही. तिने कानाडोळा केला होता. जाऊ दे, कशाला वाद, आपलं बस्तान बसू दे आधी, असं ती स्वतःला सांगे. दुसऱ्याच दिवशी रवी आईला म्हणाला, "आई, इथं लोकांसमोर जय भीम नको म्हणत जाऊ. नमस्कार म्हण. सोपं पडतं." रमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि ताटातली भाकरी मोडायला घेतली. भावना तिथेच बसली होती. आपलं तोंड एरवी सुसाट सुटतं, ते नेमकं तेव्हा कुठे शिवून ठेवलं होतं, हे तिला आजवर समजलेलं नाही.

मार्चमध्ये उल्हासच्या चोविसाव्या मजल्यावरच्या घरी प्लॅनिंग झालं. उल्हास सहलीचंही एक्सेल शीट करणाऱ्यातला. दिवस, वेळ, जागा, कोण जबाबदार, सगळे रकाने. काही बदललं की नवीन व्हर्जन ई-मेलने रवीला. हॉटेलबद्दल बोलणं निघालं तेव्हा तो म्हणाला, "रिझर्वेशन माझ्याकडे. तेवढं एकच रिझर्वेशन आपल्याला मान्य आहे, काय?" आणि हसला. त्याची बायको राधिका हसली. सगळ्यांत मोठ्याने रवी हसला. भावनाने चहाचा कप खाली ठेवला आणि कोपऱ्यात बसलेल्या सासूकडे पाहिलं. रमाबाई नातीच्या, अहिल्याच्या, केसांची वेणी घालत होत्या. त्यांचा हात जरासा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

मंदिर शीटमध्ये होतं, हे मात्र खरं. व्हर्जन सहा. तिसरा दिवस, सकाळी नऊ ते अकरा, जेड बुद्ध मंदिर. भावनाने ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवून कागद फ्रिजवर लावला. रमाबाई पाणी घ्यायला आल्या की त्या ओळीवर बोट ठेवून जायच्या.

शांघायला रात्री पोचले, आणि त्यानंतरचे पहिले दोन दिवस कसे गेले ते कळलंच नाही. हॉटेल झकास होतं, खोटं कशाला बोला. मुलांना आल्याआल्या एक लहान पुस्तिका मिळाली, प्रत्येक खेळाचा एक शिक्का, सगळे शिक्के झाले की कापडी पांडा. अहिल्या आणि उल्हासचा अनीश त्या पांडापायी वेडे झाले होते. पहिल्या दिवशी नदीकाठच्या जुन्या दगडी इमारती पाहिल्या, पलीकडच्या गुलाबी गोळ्यांच्या टॉवरवर चढले. वर चहूकडे काच, खाली सगळं शहर. उल्हासने डोळे मिटून घेतले आणि रमाबाई मजेत काचेला टेकून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी जुन्या बागेतला नागमोडी पूल, मग बाजार, मग बोटीतून फेरी. रमाबाई सगळीकडे चालल्या. गच्चीवर सकाळी हॉटेलचा एक म्हातारा शिक्षक हात हळूहळू फिरवण्याचा व्यायाम शिकवी, तिथेही त्या पांढरी साडी खोचून पहिल्या ओळीत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या आंघोळ करून, मेणबत्त्यांचा डबा पिशवीत घालून लॉबीत येऊन बसल्या. भावना खाली आली तर उल्हास सगळ्यांना नवीन प्रिंट वाटत होता. नऊ ते बारा, हॉटेलच्या किचनमध्ये डंपलिंगचा वर्ग. मंदिराची ओळच नव्हती.

तिने रवीला बाजूला घेतलं. "मंदिराचं काय झालं?"

"उल्हासने चेंज केलं, यार. किड्सना तो शेवटचा शिक्का पाहिजे."

"मग आपण तिघं जाऊ. टॅक्सीने वीस मिनिटं आहेत."

"पासपोर्ट सगळे त्याच्या रूममधल्या लॉकरमध्ये आहेत. आणि ग्रुप सोडून जाणं बरं दिसतं का? मी त्याच्याशी बोललोय. उद्या एअरपोर्टला जाताना बस तिथे थांबवणार आहे. अर्धा तास मिळेल. मी आईला सांगतो."

त्याने आईला सांगितलं. रमाबाई बरं म्हणाल्या आणि किचनमध्ये आल्या. पीठ मळलेलं होतं, सारण तयार होतं. त्यांनी पहिली पारी हातात घेतली आणि करंजीला घालतात तशी मुरड घातली, बारीक, एकसारखी. आचाऱ्याने ते डंपलिंग उचलून सगळ्यांना दाखवलं. टाळ्या पडल्या. उल्हासने फोटो काढला. रमाबाईंच्या पिठाच्या हाताशेजारी, टेबलावर, ती पिशवी होती. भावनाला तिथल्या तिथे उल्हासच्या डोक्यावर पिठाचं पातेलं उपडं करावंसं वाटलं. तीन तास! एका म्हातारीने चार महिने धरून ठेवलेली एक गोष्ट, आणि या माणसाने ती एका कापडी पांडासाठी खोडून टाकली. विचारलं नाही, सांगितलं नाही. ती दात-ओठ खात राहिली. सहल आहे, मुलं आहेत, उद्या बस थांबणार आहे, म्हणून राहिली.

दुसऱ्या दिवशी बस थांबली नाही. रवी पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता, तिथून मान वळवून म्हणाला की रस्ता दुसऱ्या बाजूचा आहे, उलट जावं लागेल, फ्लाइट चुकेल. रमाबाईंनी डबा मांडीवर घेतला होता. विमानतळ येईपर्यंत त्या खिडकीतून पाहत होत्या. एका ठिकाणी कुठल्याशा जुन्या छपराचं वळलेलं टोक दिसलं, तेव्हा त्यांनी हात जोडले. ते हॉटेल होतं की दुकान, कोण जाणे. भावनाला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखीच राग आला.

घरी परतल्यावर तिने व्हर्जन सहाचा कागद फ्रिजवरून काढला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. पुराव्याशिवाय ती कोणावर बोट ठेवत नसे. रवी म्हणाला, "सोड ना आता, झालं गेलं." ती म्हणाली, "झालं नाही, आणि गेलंही नाही." दोन आठवडे ती उल्हासच्या नावाने खडे फोडत होती. रवी ऐकून घेई आणि टीव्हीचा आवाज वाढवी. तिला वाटलं, बिचाऱ्यालाही वाईट वाटतंय, बॉसपुढे त्याचं काही चालत नाही. कीव केली हो तिने त्याची.

मे महिन्याच्या एका शनिवारी दुपारी उल्हासकडे फोटो बघायला सगळे जमले. शेजारचे दोघंतिघंही होते. राधिकाने पावभाजी केली होती. उल्हासने लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला होता, एकेक फोटो आणि त्यावर त्याचं भाषण. टॉवर. बोट. पूल. मग तो फोटो आला, रमाबाई, हातात डंपलिंग, टाळ्या वाजवणारा आचारी.

"काकू तर हिट होत्या," उल्हास म्हणाला. "काकू, तुम्हाला शांघायमधलं सगळ्यांत जास्त काय आवडलं?"

रमाबाई जराशा हसल्या. "मला जे पाहायचं होतं ते राहिलं. बाकी छान होतं."

भावना उठली. आता नाही बोललो तर आयुष्यभर हात चोळत बसू, असं तिला वाटलं.

"राहिलं नाही, उल्हास. तू काढलंस ते." तिने पर्समधून कागद काढला आणि चहाच्या टेबलावर उलगडून ठेवला. "हे व्हर्जन सहा. ही ओळ बघ. माझ्या सासूबाईंनी एवढी एकच गोष्ट मागितली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या तयार होऊन लॉबीत बसल्या होत्या, आणि तू त्यांच्या हातात डंपलिंगचा कागद दिलास. निदान विचारायचं तरी. एवढीसुद्धा रीत नाही का तुम्हाला?"

राधिकाच्या हातातला डाव तसाच राहिला. उल्हास आधी गोंधळला, मग त्याचे कान लाल झाले.

"एक मिनिट, भावना. मी नाही काढलं. मी कशाला काढीन? मंदिर तर टॉप टेन लिस्टमध्ये होतं, राधिकालाही बघायचं होतं."

"मग आपोआप गेलं?"

"रवी," उल्हास म्हणाला, "सांग ना यार हिला."

रवी पाव मोडत होता. त्याने मान वर केली नाही. "आईचे गुडघे..." तो म्हणाला. "तिथे खूप पायऱ्या आहेत म्हणून..."

उल्हासला खोटं ठरणं सहन होत नाही. त्याने फोटो बंद केले आणि ई-मेल उघडला. त्या मोठ्या टीव्हीवर, सगळ्यांच्या समोर, व्हर्जन सात आलं. पाठवणारा रवी. तिसऱ्या दिवसाची ओळ लाल, आणि शेजारच्या रकान्यात रवीचे शब्द. मंदिर कॅन्सल करू. आईला देवळांमध्ये इंटरेस्ट नाही. त्याऐवजी मुलांसाठी डंपलिंग ठेव.

"आणि एअरपोर्टला जाताना?" भावनाने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. "बस थांबवायचं तुझ्याशी बोलला होता ना हा?"

"बसचं? माझ्याशी कोणीच काही बोललं नाही."

कोणी कधी काय बदललं. रोज आठ तास ती हेच शोधायची. नाव, तारीख, वेळ, सगळं होतं तिथे. मार्चची वीस तारीख. म्हणजे फ्रिजवरच्या कागदावर रमाबाई बोट ठेवून जात होत्या, तेव्हाच ती ओळ मेलेली होती, आणि रवीला ते माहीत होतं. तो रोज तिच्याशेजारी उभा राहून त्याच फ्रिजमधून दूध काढत होता.

"का?" ती म्हणाली. "एवढंच सांग. का?"

रवीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग मराठी सोडून इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाला की हे घरी बोलू.

"घरी कशाला," रमाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवरून उठल्या, हाताचा आधार न घेता. "मी सांगते. माझे गुडघे ठीक आहेत, उल्हास. तुमच्या टॉवरवर मी चढले, पूल दोनदा चालले. त्याला पायऱ्यांची भीती नव्हती. मी तिथं बुद्धापुढं उभी राहून वंदना म्हटली असती. मोठ्यानं म्हणते मी, सवय आहे. मग तुम्ही विचारलं असतं, काकू, हे कुठलं, हे तुम्हाला कसं येतं. त्या प्रश्नाची भीती होती त्याला. आम्ही बौद्ध आहोत. दहा वर्षांची होते, बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षा घेतली मी. काहून लपवायचं?"

उल्हास काही तरी बोलू लागला. "काकू, अहो, पण आम्हाला कुठे... म्हणजे आमच्याकडे असं काही मानत नाही कोणी."

"तुम्ही हॉटेलाच्या रिझर्वेशनवर एक विनोद केला होता," रमाबाई म्हणाल्या. "तुम्हाला आठवत नसंल. सगळ्यांत जास्त कोण हसलं ते मला आठवतं."

उल्हासने टीव्ही बंद केला. राधिका म्हणाली, काकू, बसा ना, पण तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. भावनाने अहिल्याला हाक मारली, चपला शोधायला लावल्या. तिला उल्हासचाही राग होता, तो कुठे जात नव्हता. पण दोन आठवडे आपण चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या, आणि खरा माणूस शेजारी बसून त्या ऐकत होता, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि बेडरूममधली ती फ्रेम. ती तर तिच्याही डोळ्यांदेखत आत गेली होती. आज घरी गेल्या गेल्या ती पुन्हा खिळ्यावर लावायची, एवढं तिने मनाशी ठरवून टाकलं.

दाराशी रमाबाई वळल्या. हात जोडले आणि घर भरून जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जय भीम."

जय भीमला जय भीम म्हणायचं असतं. त्या थांबल्या. भावना म्हणाली, "जय भीम, आई." अहिल्या म्हणाली. रवीचे ओठ हलले, आवाज आला नाही.

लिफ्टपाशी चौघंच होती. रवी आईजवळ आला. "आई, माझं ग्रीन कार्ड... तुला इथलं माहीत नाही. एकदा कळलं की लोक वेगळ्या नजरेने बघायचं सोडत नाहीत."

रमाबाईंनी पिशवीतून तो पत्र्याचा डबा काढला. शांघायहून आल्यापासून त्या तो रोज बरोबर घेऊन फिरत होत्या. त्यांनी तो रवीच्या हातात ठेवला.

"जुलैत मी परत जाते. तू येशील माझ्यासंगं. बावीस घरं आहेत. नावं मी लिहून देते. प्रत्येकीच्या दारात तू जायचं, तिची मेणबत्ती तिच्या हातात परत द्यायची, आणि का लावली नाही ते तूच सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही."

"आई, मी काय सांगू त्यांना?"

"पहिलं नाव सरलाबाईचं," रमाबाई म्हणाल्या. "तुझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला जातीचा दाखला पाहिजे होता, तेव्हा तीन दिवस आपली मजुरी सोडून ती माझ्यासंगं कचेरीत रांगेत उभी होती. तिच्यापासून सुरू कर."

लिफ्ट आली. दार उघडलं. रमाबाई आत गेल्या, भावना अहिल्याचा हात धरून आत गेली. रवी डबा दोन्ही हातांत धरून बाहेरच उभा राहिला, आणि भावनाने त्याच्यासाठी दार धरून ठेवलं नाही.